ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं: गावच्या संस्थेनं पुढच्या पाच वर्षांत काय करावं?

बालाघाटकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला, नोकरीमुळे सध्या पुण्यात. आमच्या गावात एक छोटी धर्मादाय संस्था आहे. विश्वस्त सगळे गावातलेच: दोन निवृत्त गुरुजी, मेडिकलवाले, एक अंगणवाडीताई आणि दोन-तीन शेतकरी. आजवर वह्यावाटप, रक्तदान, उन्हाळ्यात टँकर एवढंच काम होतं, पण हिशेब चोख आणि गावाचा विश्वास पक्का.

आता गावातूनच मुंबईला गेलेल्या आणि बांधकामाच्या धंद्यात असलेल्या एका गृहस्थांनी संस्थेला मोठी देणगी देऊ केली आहे. पाच वर्षं, दरवर्षी ठरावीक रक्कम. विश्वस्तांनी कच्चा आराखडा केला आणि तो वाचून मत द्या म्हणून माझ्याकडे पाठवला. त्यात चार गोष्टी आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाची इमारत. फडावर जाणाऱ्या बायकांच्या आरोग्याचं काम. दहावीच्या पुढे शिकणाऱ्या मुलींना मदत. आणि गावात पाणी अडवण्याची कामं, म्हणजे मुळात गाव सोडायची वेळ येऊ नये. पैसे एवढ्या सगळ्याला पुरणार नाहीत हे उघड आहे. देणगीदारांचा ओढा इमारतीकडे आहे, कारण इमारत दिसते.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी घरं कुलूपबंद होतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फेडायला कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर कर्नाटकात जायचं आणि मार्च-एप्रिलमध्ये परतायचं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. पोरं सोबत नेली तर शाळा बुडते, मागे ठेवली तर सांभाळणार कोण?

माझा प्रश्न सरळ आहे. आधी काय हाती घ्यावं? कुणी असं काम जवळून पाहिलं असेल तर अनुभव लिहा.

पंचगंगा

मी शिरोळ तालुक्यातला, म्हणजे तुमची माणसं जिथं येतात तिथला. आमच्याच उसाच्या बांधाला दरवर्षी खोप्या पडतात. पाचट, बांबू आणि वर प्लास्टिकचा कागद. पहाटे तीन-चारला फडात उजेड दिसतो, बॅटऱ्या डोक्याला बांधून तोड सुरू असते. आईबाप मोळ्या बांधत असतात आणि सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन सरीत उभी असते. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचं, पाणी आणायचं, चुलीवर भात टाकायचा, ही सगळी कामं त्या पोरीचीच. शाळा आमच्या गावात हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथं कोण जाणार? टोळी आठ-पंधरा दिवसांत पुढच्या शिवारात.

आमच्याकडं कारखान्याच्या तळावर साखरशाळा चालायच्या. जनार्थसारख्या संस्थांनी त्यात खूप काम केलं. पण साखरशाळेला पोर रोज यायला खोपी तळावर लागते. गाडीसेंटरवाले, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणारे, बैल घेऊन तळावर राहतात, त्यांची पोरं येतात. टोळीवाले मात्र ट्रॅक्टरबरोबर गावोगाव फिरतात, त्यांची पोरं सापडतच नाहीत.

म्हणून माझं मत, पोर गावातच थांबेल अशी सोय आधी करा. इथं आल्यावर शाळेत घालू म्हटलं तर घालवत नाही.

खडू फळा

बालाघाटकर दादा, तुमच्या शेजारच्याच तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. या विषयावर मला बरंच बोलायचं आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आपल्याकडे बरीच वर्षं आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी ते जेवणाचंच केंद्र असतं. पोरं दोन वेळ शाळेत जेवतात आणि झोपायला आजीआजोबांकडे किंवा चुलत्याकडे जातात. योजना चांगली आहे. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं तिच्यामुळे टिकली. पण मंजुरी यायला उशीर होतो. टोळ्या निघतात दसऱ्यानंतर आणि मंजुरी कधी कधी डिसेंबरात हातात पडते. तोवर आईनं पोराला ट्रॅक्टरवर चढवलेलं असतं. एकदा पोर गेलं की मधेच आणता येत नाही.

या मधल्या दीड-दोन महिन्यांत छोट्या संस्थेचा खरा उपयोग आहे. निघायच्या आठवड्यात आईला कुणी छातीठोकपणे सांगितलं की उद्यापासून तुझ्या पोराचं जेवण इथं सुरू, तर ती ठेवते. "मंजुरी आली की सुरू करू" असं म्हटलं तर कोण ठेवेल?

इमारतीला माझा विरोध नाही, पण गावात बांधलेल्या खोल्या कमी नाहीत. शाळेच्या खोल्या संध्याकाळनंतर रिकाम्याच असतात. कमी आहे ते माणूसबळ. स्वयंपाकाला दोन बायका, रात्री थांबायला एक खमकी बाई आणि संध्याकाळी अभ्यास घ्यायला बारावी झालेली गावातलीच एखादी मुलगी. यांचे पगार वेळेवर देणारं कुणीच नसतं. इमारतीला देणगी मिळते, स्वयंपाकीणबाईच्या पगाराला मिळत नाही, हे मी नोकरीभर पाहिलं.

वाचनमात्र

वाचतेय. शहरात राहून यातलं काहीच माहीत नव्हतं. कृपया लिहीत राहा.

आकडेमोड

मी सनदी लेखापाल, बऱ्याच धर्मादाय न्यासांचं लेखापरीक्षण करतो. पैशाच्या बाजूच्या चार गोष्टी सांगतो, नंतर अडायला नको.

एक, मुलं रात्री मुक्कामी ठेवणार असाल तर महिला व बालविकास अधिकाऱ्यांना आधी भेटा. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. तुमचा प्रकार त्यात बसतो की नाही हे लेखी घ्या. स्वयंपाकी, चौकीदार, सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची माहिती प्रत्येक कर्मचाऱ्याला द्या. यात हयगय नको.

दोन, इमारत म्हणजे न्यासाची स्थावर मालमत्ता. उद्या उपयोग संपला आणि विकायची किंवा दीर्घ भाड्यानं द्यायची ठरली तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शिवाय रंग, छप्पर, वीजबिल दरवर्षी आहेच. देणगी पाच वर्षांनी थांबेल, इमारतीचा खर्च थांबणार नाही.

तीन, ८०जी, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकरातली वजावट. दोन हजारांवरची देणगी रोखीत घेतली तर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. नवीन करप्रणाली निवडलेल्यांना तर ८०जीची वजावटच नाही. त्यामुळे "कर वाचेल" असं सांगून गावकऱ्यांकडून पैसे मागू नका, काम सांगून मागा.

चार, देणगीदारांची कंपनी मोठी असेल आणि पैसे सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीतून येणार असतील तर न्यासाची त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. ते आधी विचारा.

झुळूक

आकडेमोडकाका, इतकं सोपं करून सांगितलंत की आमच्या सोसायटीच्या सभेला तुम्हालाच बोलवावंसं वाटतंय :)

देणगीदारांना नाव दिसायला हवं असेल तर माझ्याकडे एक तोडगा आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरायची पद्धत आहेच. पोरांच्या ताटावाट्यांवर त्यांच्या आईवडिलांचं नाव कोरा. इमारतीवरची पाटी लोक उद्घाटनाच्या दिवशी वाचतात, ताट पोरं दिवसातून दोनदा वाचतील.

सिअ‍ॅटलकर

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. वसतिगृह, जेवण, औषधं हे सगळं मलमपट्टीत मोडतं. मूळ दुखणं पाण्याचं आहे. हिवरे बाजार बघा. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तिथली माणसंही गाव सोडून मजुरीला जात होती. पाणलोटाची कामं झाली, शेतीला बोअर घ्यायची बंदी झाली, पाण्याचा ताळेबंद मांडायला लागले आणि लोक परत आले. जालन्यातलं कडवंची बघा. कोरडवाहू गाव होतं, पाणलोट आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षांत गेलं. पाच वर्षांचे पैसे हातात असतील तर सगळे पाण्यात घाला. सहाव्या वर्षी वसतिगृह लागणारच नाही.

खडू फळा

सिअ‍ॅटलकर, राग कसला! पण तुम्ही म्हणता ती पाच वर्षं पोरांनी काय करायचं? आज दुसरीत असलेली पोरगी पाच वर्षांनी सातवीत असेल किंवा शाळेबाहेर.

एक कोयता

सदस्यनाव बघून कळलंच असेल. माझे आईवडील पंधरा-वीस हंगाम ऊसतोडीला गेले. मी आता सरकारी दवाखान्यात परिचारक आहे. पहिल्यांदाच या विषयावर लिहितोय.

सिअ‍ॅटलकर साहेब, पाण्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण पाणी येतं ते ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या विहिरीला. आमच्याकडे होतं दीड एकर मुरमाड, तेही दोन चुलत्यांत सामाईक. बंधारा झाला तरी त्यातलं पाणी आमच्या रानापर्यंत चढत नव्हतं. गावात ज्यांना पाणी लागलं ते ऊसतोडीला आधीही जात नव्हते. जे जात होते ते आजही जातात. पाण्याचं काम कराच, पण भूमिहीनाचं पोर त्या पाण्यानं घरी थांबत नाही.

आता गावात राहण्याबद्दल. मी आजीजवळ राहिलो. आजीला एका डोळ्यानं कमी दिसायचं. सकाळी भाकरी करून ठेवायची ती आम्ही तिघं भावंडं दिवसभर खायचो. शाळेत दुपारी खिचडी मिळायची. पोट तसं भरायचं. खरी अडचण संध्याकाळची. पाच वाजता शाळा सुटली की झोपेपर्यंत आम्हाला कुणी विचारणारं नव्हतं. आजी सातलाच आडवी व्हायची. घरात दिवा असायचा, पण कमी दिसणाऱ्या आजीला गृहपाठ कुठून कळणार? मोठा भाऊ त्याच वेळात पत्त्याच्या अड्ड्यावर जायला लागला आणि नववीत शाळा सुटली. मी टिकलो, कारण आमच्या गुरुजींनी स्वतःच्या ओट्यावर संध्याकाळी बसवलं. ना इमारत होती, ना योजना.

आणि बहीण. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा आई म्हणाली, हिला आता आजीजवळ ठेवून मी सहा महिने झोपू शकत नाही. सोबत नेली. फडावर तरी कुठं सुरक्षित? मग पंधराव्या वर्षी लग्न. लग्न लावलं की नवराबायकोचा नवा कोयता तयार, उचलही मिळते. लोक म्हणतात अडाणीपणा. माझी आई अडाणी नव्हती, तिच्यापुढं दुसरी वाटच नव्हती.

बालाघाटकर, तुमच्या संस्थेनं एकच काम करायचं ठरवलं तर बारा ते सोळा वर्षांच्या पोरी रात्री कुठं झोपणार याची सोय करा.

पंचगंगा

दादा, वाचून सुन्न झालो. मनापासून लिहिलंत, आभार.

माळरान

मी या भागात काम केलेली डॉक्टर. 'एक कोयता' यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आलं आहे. माझ्यासमोर खुर्चीत बसलेली बावीस वर्षांची, दोन पोरांची, पाठ धरलेली बाई त्या आकड्यातलीच असायची.

आराखड्यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर बोलते. गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. सरकारी समितीसाठी जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खूपजणी चाळिशीच्या आतल्या. बायका का काढून घेतात? फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत मोळ्या उचलायच्या, अंगावरून जातं ते कुणाला सांगायचं नाही. एक दिवस गैरहजर राहिलं तर खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापतात. मग कुणी सांगतं, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल. साध्या गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग असतो आणि बाई कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. त्या कर्जासाठी पुन्हा उचल.

छोट्या संस्थेनं इथं काय करावं? एक दिवसाचं शिबिर नको, हात जोडून सांगते. मंडप, पाहुणे, रक्तदाब मोजला, लोहाच्या गोळ्यांचं पाकीट दिलं, संपलं. गोळ्या कुणी खाल्ल्या, कुणाला मळमळ झाली म्हणून टाकल्या, विचारायला दुसऱ्या दिवशी कुणी नसतं.

त्यापेक्षा जामखेडचा धडा गिरवा, तुमच्या शेजारीच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. त्यांनी गावागावांतल्या बायकांनाच शिकवलं, त्यात लिहितावाचता न येणाऱ्याही होत्या, दलित समाजातल्याही होत्या. नाडी बघणं, बाळंतपण करणं, जुलाबात मीठसाखरेचं पाणी देणं, सगळं त्या बायका करायच्या. दर आठवड्याला जामखेडला जमायचं, अडलेलं विचारायचं, नवीन शिकून परत जायचं. जगभरातले लोक ते बघायला आले.

तुमच्याकडे टोळीगणिक एक बाई निवडा, जी स्वतः कोयता घेऊन जाणार आहे. पावसाळ्याचे चार महिने ती गावात असते, तेव्हा तिला शिकवा. जाताना तिच्याजवळ औषधांची छोटी पेटी, तालुक्याच्या डॉक्टरचा फोन आणि टोळीतल्या प्रत्येक बाईचं कार्ड द्या. जायच्या आधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासा, आल्यावर पुन्हा तपासा. इमारतीच्या एका खोलीच्या पैशात हे वर्षभर चालेल.

सिअ‍ॅटलकर

'एक कोयता', तुम्ही जमिनीचं जे लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पाण्यासाठी सरकारी योजना आणि इतर संस्थांचा पैसा मिळू शकतो, तो गावानं तिकडून आणावा असं आता वाटतंय. देणगीचा पैसा माणसांवर जाऊ दे. इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांशी बोलतो, पण परदेशातून पैसे पाठवायला संस्थेकडे परवाना लागेल ना?

आकडेमोड

तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल किंवा तिथल्या मंडळाच्या खात्यातून पाठवणार असाल तर विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी लागते. लहान संस्थेनं एवढ्यासाठी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. मंडळातल्या भारतीय नागरिकांनी वैयक्तिक द्यावं.

कोरडवाहू

सगळे इमारतीच्या विरोधात का बोलताहेत कळत नाही. मी केज तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या कामात होतो. शाळेच्या खोलीत मुली झोपवायच्या हे बोलायला सोपं आहे. रात्री लघवीला उठली तर संडास मैदानापलीकडे, दिवा नाही, कुंपण नाही, गावातली रिकामटेकडी पोरं मागच्या भिंतीवर. दोन महिन्यांत आया येऊन मुली घेऊन गेल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. मुलींना पक्की जागा लागते. आर्वीच्या शांतिवनात जाऊन बघा. शिरूर कासार तालुक्यातच आहे. ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची पोरं तिथं राहून शिकतात. ते माळावर, पाचटाच्या छपराखाली कायमचं चालवता आलं असतं का?

खडू फळा

कोरडवाहू, संडासाचं आणि कुंपणाचं शंभर टक्के मान्य. माझ्या आधीच्या पोस्टमध्ये ते यायला हवं होतं. पण त्याला नवी इमारत कशाला? शाळेच्याच आवारात खोलीला लागून दोन न्हाणीघरं, दोन संडास, पाण्याची टाकी, सौरदिवा आणि भिंत. व्यवस्थापन समितीचा ठराव आणि जिल्हा परिषदेची परवानगी घ्यायची. दिवसा शाळेच्या मुलींनाही तेच संडास वापरता येतील. पाळीच्या दिवसांत घरी बसणाऱ्या मुली त्यामुळे शाळेत येतील, हा वेगळा फायदा.

कोरडवाहू

हे पटतंय. फक्त किल्ली कुणाकडे आणि रात्रीची जबाबदारी कुणाची, हे ठरावात नावानिशी लिहून घ्या. बाकी सरकारी वसतिगृहांचं काय झालं? संत भगवानबाबांच्या नावानं योजना आहे, ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ मंजूर झाली होती.

बालाघाटकर

सगळ्यांचे खूप आभार. धागा विश्वस्तांना पाठवला आणि त्यांनी तो बैठकीत वाचून दाखवला. 'एक कोयता' यांची पोस्ट वाचताना अंगणवाडीताईंना पुढं वाचवेना, मग गुरुजींनी वाचली.

कोरडवाहू, सरकारी वसतिगृहं आहेत, पण ती तालुक्याच्या ठिकाणी. मोठ्या मुलांना त्यांचा उपयोग आहे, आमच्या गावातली काही मुलं तिथं गेलीही आहेत. दुसरी-तिसरीतलं पोर आई तालुक्याला ठेवत नाही. त्यामुळे ती जिथं पोचत नाहीत तिथं आपण, असं धरून चाललो आहोत.

आता मुख्य गोष्ट. विश्वस्तांनी ठरवलं की आपण चर्चा करण्यापेक्षा ज्या जातात त्या बायकांनाच विचारू. गेल्या आठवड्यात मारुतीच्या देवळात बैठक लावली. पुरुषांना मुद्दाम बोलावलं नाही. आधी कुणी बोलेना. मग एका आजींनी तोंड उघडलं आणि नंतर थांबेनात. शाळा चांगली करा, संगणक द्या, असं काही ऐकायला मिळेल अशी विश्वस्तांची अपेक्षा होती. पहिला प्रश्न आला, "पोरगी रात्री कुणाजवळ झोपणार, त्या बाईचं नाव सांगा." दुसरा, "पोर आजारी पडलं तर आम्हाला फोन कोण करणार?" तिसरी मागणी कुणाच्याच डोक्यात नव्हती: म्हाताऱ्यांच्या गोळ्या. आजीची बीपीची गोळी संपली की ती पडते, आणि ती पडली की पोरं उघड्यावर. आजी धडधाकट राहिली तर निम्मं वसतिगृह घरातच आहे, असं एकजण म्हणाली.

इमारतीचं कुणी नाव काढलं नाही.

त्यावरून आराखडा असा बदलतोय. पहिल्या वर्षी शाळेच्या दोन खोल्यांत बारा वर्षांवरच्या मुलींचा मुक्काम, त्याला लागून संडास-न्हाणीघरं आणि कुंपण. रात्री थांबायला गावातल्याच एक विधवा ताई तयार आहेत, बायकांनीच त्यांचं नाव सुचवलं. सगळ्या पोरांसाठी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून जेवण, सरकारी मंजुरी आली की तो खर्च तिकडं वळवायचा. संध्याकाळी सहा ते आठ अभ्यास. महिन्यातून एकदा आशाताईंबरोबर आजीआजोबांची तपासणी आणि गोळ्या घरपोच. माळरानताईंनी सांगितलेलं टोळीतल्या बाईचं काम दुसऱ्या वर्षापासून, कारण शिकवायला पावसाळा लागेल.

देणगीदारांशी बोलणं व्हायचं आहे. तीच मोठी काळजी आहे.

एक कोयता

आजीच्या गोळ्यांचं वाचलं आणि वाटलं, आमच्या वेळी हे कुणाला सुचलं असतं तर! देणगीदारांना त्या बैठकीतल्या दोन बायकांनाच भेटवा. विश्वस्तांनी समजावण्यापेक्षा ते बरं.

अजून एक. फोनचं पक्कं करा. फडावर आईचा फोन दिवसभर बंद असतो, रात्री जेवताना चालू होतो. आठ ते नऊ ही वेळ ठरवून टाका. रोज नको, आठवड्यातून दोन वार. पोरांना आईचा आवाज ऐकायला मिळाला की पुढचे तीन-चार दिवस ती शाळेत नीट बसतात. संस्थेच्या खर्चात रिचार्ज धरा.

माळरान

उत्तम आराखडा. दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागलं तरी यंदा जाण्याआधी हिमोग्लोबिनची तपासणी तेवढी करून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गरोदर असलेल्या बायकांची यादी वेगळी करा आणि माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या पिशवीत गेलंय ना ते बघा. तिकडच्या आशाताई त्या कार्डावर लसीकरण आणि तपासण्या पुढं चालवू शकतात.

आकडेमोड

देणगीदारांसाठी एक पान करून द्या. डावीकडे इमारतीचा खर्च अधिक दरवर्षीची देखभाल, उजवीकडे नवा आराखडा आणि त्यात किती मुलं, किती आज्या, किती महिने. बांधकामातला माणूस आहे, आकडे बघून लगेच समजेल. पगार बँकेतून द्या आणि दर तिमाहीला जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लावा. हिशेब तपासून द्यायचं काम मी विनामूल्य करीन.

झुळूक

आणि ताटं माझ्याकडून. किती लागतील ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नाव देणगीदारांच्या आईवडिलांचंच कोरून देते.

पंचगंगा

बालाघाटकर, टोळ्या निघाल्या की मुकादमांकडून कुठल्या कारखान्याला आणि कुठल्या गटात उतरणार ते विचारून घ्या. शिरोळ-हातकणंगल्याकडं येणाऱ्यांची यादी मला व्यनि करा, धाग्यावर कुणाचं नाव-नंबर टाकू नका. आमच्या गावच्या आशाताईंशी मी बोललोय, खोप्यांवर यायला त्या तयार आहेत. पिण्याच्या पाण्याचा एक नळ बांधापर्यंत आणायचं माझ्या रानात यंदा करतोय, शेजारच्या दोघा-तिघांनाही तयार केलंय.

एक विचारायचं होतं, टोळीतल्या बायकांची कार्डं छापताय तर त्यावर रक्तगट आणि गावाकडच्या एका माणसाचा फोन घेताय ना? गेल्या हंगामात आमच्याकडं रात्री ट्रॉली उलटली तेव्हा दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारत होते.

बालाघाटकर

घेतोय. रक्तगट नव्हता यादीत, आजच गुरुजींना कळवतो.